पाच टनांची शेड, दहा टनांची क्रेन: शिरोलीच्या कामाच्या नोंदी

3 ऑगस्ट 2023

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं मशीन शॉप. शेड 1988 सालची. 18 मीटर रुंद, वळचणीला साडेसात मीटर उंच, खांब सहा-सहा मीटरवर. फक्त जुन्या गेटपाशी एक गाळा (दोन खांबांमधली जागा) सात मीटरचा आहे. आत 5 टनांची ओव्हरहेड क्रेन. शेजारच्या फाउंड्रीतून येणारी कास्टिंग आता सात-आठ टनांची असतात, ती मशीनवर चढवायला दर वेळी बाहेरून हायड्रा (फिरती क्रेन) बोलवावी लागते. म्हणून मालकांना 10 टनांची क्रेन हवी आहे, आणि जुनी शेड ती पेलेल का हे डिझायनर म्हणून मला तपासायचं आहे.

मालकांनी हात पाठीमागे बांधून एकच प्रश्न विचारला, "साहेब, खांब पेलतील ना?"

सगळे खांबाचंच विचारतात. खांब डोळ्यासमोर असतो. पण भार आधी चाकावर, मग रुळावर, गर्डरवर (रूळ पेलणारा, खांबापासून खांबापर्यंतचा बीम), ब्रॅकेटवर (खांबाला जोडलेला, गर्डर पेलणारा हात), ब्रॅकेटच्या वेल्डवर, तिथून खांबात, बेस प्लेटमध्ये, बोल्टमध्ये आणि शेवटी पायाच्या काँक्रीटमध्ये जातो. या वाटेवर खांबाचा नंबर बराच खाली लागतो, आणि माझ्या अनुभवात शेड खांबामुळे क्वचितच अडते. त्यांना एवढंच सांगितलं की पंधरा दिवसांत कळवतो, तोवर क्रेनची ऑर्डर देऊ नका.

ड्रॉइंग एकही नाही. शेड उभी राहिली तेव्हापासून इथे असलेले सुपरवायझर तात्या मात्र आहेत. कुठला ब्रॅकेट नंतर बदलला आणि कुठल्या खांबाला ट्रकने ठोकर दिली, हे त्यांना तोंडपाठ आहे.

5 ऑगस्ट

चाकाचा भार काढला. क्षमता दुप्पट म्हणजे भार दुप्पट, असा मालकांचा आणि खरं तर फॅब्रिकेटरचाही समज. तसं होत नाही, कारण क्रेनचं स्वतःचं वजन दुप्पट होत नाही.

नवी डबल गर्डर क्रेन (तिच्या स्वतःच्या ब्रिजला दोन बीम): ब्रिज, म्हणजे दोन रुळांवर आडवा चालणारा सांगाडा, 90 किलोन्यूटन; त्यावरून हूक घेऊन फिरणारी ट्रॉली 20; उचललेला माल 100 (म्हणजे 10 टन). रुळांमधलं अंतर 17 मीटर, हूक एका बाजूला जास्तीत जास्त 1 मीटरपर्यंत येतो. त्या बाजूची प्रतिक्रिया 45 (निम्मा ब्रिज) अधिक 120 गुणिले 16 भागिले 17, म्हणजे 158. दोन चाकांत वाटली की एका चाकावर 79 किलोन्यूटन. जुन्या क्रेनचा हाच हिशेब 45 च्या आसपास येतो. म्हणजे पावणेदोन पट. विजेच्या क्रेनला आघाताचे 25 टक्के वर धरायचे, की चाकाला जवळजवळ 99.

आडवा धक्का ट्रॉली आणि माल यांच्या वजनाच्या 10 टक्के: 12 किलोन्यूटन. आकडा छोटा दिसतो, पण तो साडेपाच मीटर उंचीवर लागतो. पायाशी त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

11 ऑगस्ट

दिवसभर मोजमाप. गर्डर म्हणजे आयएसएमबी 400 (400 मि.मी. उंच आय-आकाराचा बीम) आणि त्याच्या डोक्यावर पालथा घातलेला आयएसएमसी 250 (250 चा चॅनेल). खांबही आयएसएमबी 400. ब्रॅकेटवर रुळाची मध्यरेषा खांबाच्या मध्यापासून 450 मि.मी. रूळ म्हणजे 50 चा चौकोनी बार, तुकड्या-तुकड्यांनी वेल्ड केलेला. अशा शेडमध्ये नेहमी दिसतं तेच.

शिडीवरून सातव्या खांबापाशी गेलो तर गर्डरच्या वेबला (मधल्या उभ्या भागाला) खांबाशी जोडणारी एक उभी प्लेट दिसली. 10 मि.मी. जाड, दोन्ही कडांना भरभक्कम वेल्ड. वरच्या टोकाला वेल्डच्या कडेनं बारीक तपकिरी रेघ. वायर ब्रश मारला, रंग खरवडला. चीर चांगली बोटभर लांब निघाली. मग सगळे खांब बघितले. जिथे जिथे ही प्लेट आहे, तिथे कमी-अधिक चीर आहेच. जिथे नाही, तिथे गर्डर निरोगी.

खालून तात्या ओरडले, "ती पट्टी नंतर मारल्यात साहेब! गर्डर हलतोय म्हणून एकानं टाइट करून दिलं."

गर्डर हलतोय म्हणून! तो हलणारच. साध्या टेकूवरचा गर्डर मध्ये वाकला की त्याची टोकं फिरतात. जुन्या क्रेनखाली हा कोन 0.003 रेडियनच्या जरा आत येतो. गर्डरची उंची 400, म्हणजे टोकाची वरची कड खालच्या कडेपेक्षा मिलिमीटरहून थोडी जास्त पुढे-मागे सरकते. क्रेन गेली की सरकते, आली की सरकते. ही हालचाल जाड प्लेटनं बांधून ठेवली तर ती थांबत नाही, फक्त वेल्डमध्ये शिरते. रोज शेकडो फेऱ्या आणि तीसेक वर्षं. हे ताकदीचं अपयश नाही, थकव्याचं आहे. गणितात अशी प्लेट कोणी दाखवतच नाही, त्यामुळे संगणकावरच्या मॉडेलला हा गर्डर अजूनही ठणठणीत दिसेल.

मला या भेटीत सगळ्यात जास्त माहिती या चिरेनं दिली. गर्डर कुठे फिरू पाहतोय, आडवा धक्का खांबात नक्की कुठून जातोय आणि आधीच्या माणसाला कशाची भीती वाटली, हे तिन्ही एकाच जागी वाचता आलं.

14 ऑगस्ट

एका जादा पडलेल्या ब्रॅकेटचा आणि एका गर्डरच्या टोकाचा तुकडा कापून चाचणीला दिला. 1988 चं पोलाद म्हणजे बहुधा जुन्या आयएस 226 चं. यील्ड, म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो, 250 मेगापास्कलच्या खाली नसावा. पण मला ताकदीपेक्षा कार्बनची टक्केवारी हवी आहे, कारण याच पोलादावर नवं वेल्डिंग करायचं आहे.

22 ऑगस्ट

अहवाल आला. यील्ड 270 च्या वर, कार्बन 0.2 च्या आसपास. वेल्डिंगला अडचण नाही. ई-7018 चे रॉड ओव्हनमध्ये तापवून वापरायचे, एवढी अट. हिशेबात मी 250 च धरणार. दोन तुकड्यांच्या जोरावर अख्ख्या शेडला बढती देता येत नाही.

आता गर्डर. जोड-छेदाचा जडत्व आघूर्ण (वाकायला विरोध करण्याचं माप) 29,450 सेंमी⁴ च्या आसपास. क्रेनच्या दोन चाकांत 3 मीटर अंतर धरलं तर सहा मीटरच्या गाळ्यात वाक 8.3 मि.मी. आयएस 800 (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) नुसार 50 टनांपर्यंतच्या विजेच्या क्रेनला मर्यादा लांबी भागिले 750, म्हणजे 8.0. (वाक काढताना मी आघात धरत नाही.) ताकदीत गर्डर काठावर बसतो, वाकात काठावरून पडतो.

आमच्या ऑफिसातली नवी इंजिनिअर म्हणाली, "सर, नवे गर्डर ई-350 चे घेऊ या ना. वजनही वाढणार नाही." प्रश्न चांगला आहे आणि दर बॅचमधलं कोणी ना कोणी तो विचारतंच. ई-350 चं यील्ड जास्त, पण लवचिकता गुणांक तोच, 2 लाख मेगापास्कल. महाग पोलादाचा गर्डरही 8.3 च वाकणार. वाक अडवत असेल तर ग्रेड वाढवून फायदा शून्य. उंची वाढवा, लांबी कमी करा, नाहीतर भार बदला.

भार बदला, हे तिला सांगता सांगताच पुढचं सुचलं.

24 ऑगस्ट

क्रेनवाल्यांना फोन. दोन प्रश्न विचारले.

पहिला: सिंगल गर्डर क्रेन दिली तर? ब्रिज हलका, चाकाचा भार 68 पर्यंत उतरतो, वाक 7.1. गर्डरला हातही लावायला नको. पण होइस्ट (माल उचलणारं यंत्र) ब्रिजच्या खाली लटकतो, त्यामुळे हुकाची उंची कमी होते. मालकांच्या उभ्या बोरिंग मशीनवर कास्टिंग वरून उतरवावं लागतं. तिथे आत्ताच हात-दीड हात जागा उरते. हे बाद.

दुसरा: एंड कॅरेज (ब्रिजच्या टोकाची चाकांची चौकट) लांब करून चाकांमधलं अंतर 3 ऐवजी 3.6 मीटर मिळेल का? मिळेल म्हणाले, फारसा फरक पडणार नाही किमतीत. आणि इथे गणित एकदम सुटलं. चाकं लांब गेली की दोन्ही एकदम गाळ्याच्या मधोमध येऊ शकत नाहीत. वाक 8.3 वरून 6.9 वर. मोमेंटही (वाकवणारा जोर) कमी, ब्रॅकेटवरची प्रतिक्रियाही चाकाच्या दीडपटीवरून 1.4 पटीवर. किंमत एवढीच की शेडच्या दोन्ही टोकांना हुकाची पोच थोडी घटते. तिकडच्या एका टोकाला भंगाराचा ढीग आहे आणि दुसऱ्या टोकाला तात्यांचं टेबल.

सहा मीटरच्या सगळ्या गर्डरांवरचं वेल्डिंग एका फोनवर वाचलं. क्रेनची ऑर्डर आधीच गेली असती तर हा प्रश्न विचारायची सोयच उरली नसती. म्हणून क्रेनवाला, फॅब्रिकेटर आणि डिझायनर यांना ऑर्डरच्या आधी एका टेबलाशी बसवावं, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. ऐकणारे थोडे.

29 ऑगस्ट

उरला गेटपाशीचा सात मीटरचा गाळा. तिथे 3.6 मीटरची चाकं असूनही वाक 12.9, मर्यादा 9.3. इथे पर्याय नाही, गर्डर जाड करायलाच हवा.

खालच्या फ्लँजला (बीमच्या आडव्या पट्टीला) 12 मि.मी. जाड प्लेट लावायची. रुंदी किती? फ्लँज 140 ची आहे. 120 ची प्लेट घेतली तर वेल्डरला खाली झोपून डोक्यावर वेल्ड मारावा लागेल, आणि तो कसा होतो हे आपण सगळे जाणतो. 200 ची घेतली तर दोन्ही बाजूंना 30-30 मि.मी. बाहेर राहते, वेल्डर वरून बघत आडव्या स्थितीत निवांत मारू शकतो. प्लेट थोडी जास्त जाते, पण वेल्ड खरा होतो. आता जडत्व आघूर्ण 43,600, वाक 8.7. बसला.

वेल्ड अखंड, तुटक नाही. पैसे वाचवायला 50 मारा 100 सोडा असं इथे चालणार नाही. ताणातल्या फ्लँजवर प्रत्येक तुटलेल्या टोकाला चिरेला आमंत्रण असतं. प्लेटही मधे संपवायची नाही, टेकूच्या अगदी जवळपर्यंत न्यायची, जिथे मोमेंट जवळपास संपलेला असतो.

6 सप्टेंबर

ब्रॅकेट. डिझाइन भार सुमारे 207 किलोन्यूटन. इथे नवीन मुलं एक गफलत करतात: खांबाला बाहेर किती भार आहे ते खांबाच्या मध्यापासून मोजायचं, 450, पण ब्रॅकेटच्या वेल्डला तोच भार खांबाच्या तोंडापासून मोजायचा, म्हणजे 250. सगळीकडे 450 धरलं तर वेल्ड उगाच नापास होतो आणि साइटवर नको तिथे आग लागते.

250 नं वरच्या फ्लँजच्या वेल्डवर मिलिमीटरला 500 न्यूटन येतात. 6 मि.मी. च्या शॉप वेल्डची क्षमता 795. भरपूर. पण गेज लावला तर वेल्ड कुठे 7, कुठे 4. चार धरलं तर 530. कसाबसा बसतो. वरच्या फ्लँजच्या सगळ्या वेल्डची डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव झिरपवून चीर शोधायची) करायची आणि पाचच्या खाली असलेल्या जागी एक पास चढवायचा, असं ठरवलं. मात्र तो साइट वेल्ड, सुरक्षा गुणक 1.25 नाही, 1.5. शिवाय भार असलेल्या खांबावर आडवा वेल्ड मारताना तो भाग तापून तात्पुरता कमजोर होतो. म्हणून क्रेन दुसऱ्या टोकाला, त्या गाळ्यावर काही नाही, आणि एका वेळी थोडी लांबी. हे ड्रॉइंगवर ठळक लिहून ठेवलं आहे.

13 सप्टेंबर

पाया. आता 12 किलोन्यूटनचा तो आडवा धक्का आला.

छपराची जुन्या पद्धतीची त्रिकोणी कैची. वळचणीला तिची उंची जवळपास शून्य, त्यामुळे ती समोरासमोरच्या खांबांची डोकी एकमेकांशी बांधते, पण फिरण्यापासून रोखत नाही. म्हणजे शेड आडवी न पडण्याची सगळी जबाबदारी बेस प्लेटवर. बेस जर खरंच घट्ट असेल तर रुळाच्या पातळीवर झोल (आडवं सरकणं) 14 मि.मी. च्या आसपास, मर्यादा उंची भागिले 200, म्हणजे 27. पेंडंटवर (खाली लटकणाऱ्या बटणपेटीवर) चालणाऱ्या क्रेनला ठीक. पण "घट्ट असेल तर" यावर सही कशी करायची? मॉडेल दोनदा चालवलं. एकदा पक्क्या बेसनं, एकदा फिरकीला थोडी सूट देऊन. सूट दिल्यावर झोल 20 च्या वर जातो, तरी मर्यादेत राहतो. डिझाइनर म्हणून मला दोन्हींमधलं सत्य हवं असं नाही, दोन्ही टोकांना शेड उभी राहते एवढं पुरतं.

बोल्टचं तसं नाही. पक्का बेस धरला की बेसवर डिझाइन मोमेंट सुमारे 105 किलोन्यूटन-मीटर, ताणातल्या एकेका बोल्टला ऐंशीच्या आसपास किलोन्यूटन. एम-24, 4.6 ग्रेडचा बोल्ट 98 घेतो. कागदावर पास. पण कागदावरचा बोल्ट गंजत नाही.

म्हणून दोन खांबांचे चौथरे फोडायला सांगितले. एक कोरड्या बाजूचा, एक कूलंटचं पाणी जिथून गटारात जातं तिथला.

15 सप्टेंबर

कोरड्या बाजूचे बोल्ट सरळ, खाली वॉशर प्लेट, 600 मि.मी. आत. 1988 मध्ये कोणीतरी मन लावून काम केलं आहे.

गटाराच्या बाजूला नटच्या खाली आटे उरलेच नाहीत. कूलंट आणि पाणी वर्षानुवर्षं बेस प्लेटच्या खाली मुरत गेलंय. व्हर्नियरनं मोजलं तर बारीक जागी 20 च्या आत. त्या रांगेतल्या चार खांबांना नवे एम-24 केमिकल अँकर (काँक्रीटच्या भोकात रसायनानं चिकटवलेले बोल्ट), प्रत्येकाची ओढ-चाचणी, बेस प्लेटखाली नवा न आकसणारा ग्राउट आणि वरून उतार देऊन काँक्रीट, पाणी साचणार नाही असं. हा खर्च मालकांना पटवताना पहिल्यांदा थोडा वाद झाला. शेवटी त्यांनाच खाली बसवून बोल्टवर बोट फिरवायला लावलं. मग बोलणं लवकर आटोपलं.

भूकंपाचंही बघितलं. कोल्हापूर झोन तीन, गुणक 0.16. पत्र्याच्या हलक्या शेडला भूकंपापेक्षा वारा आणि क्रेनच जड जातात. 1967 च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण इकडे अजून निघते, आणि तीन मीटर उंच विटांच्या भिंतीकडे बघताना ती मलाही होते. भिंतीला खांबांशी बांधणाऱ्या पट्ट्या जागेवर आहेत की नाहीत ते तपासलं. आहेत.

3 ऑक्टोबर

गणपती संपले, मालकांची नवी मागणी आली. दहा टनांची क्रेन आली की ट्रेलर आत यायला हवा. म्हणून समोरच्या त्रिकोणी भिंतीत 5 बाय 5 चं रोलिंग शटर. "एक शटरच तर आहे."

एक शटर म्हणजे 25 चौरस मीटर. भिंत सगळी 149. सतरा टक्क्यांच्या आसपास. आयएस 875 च्या तिसऱ्या भागात (वाऱ्याच्या भाराचं मानक) भिंतीच्या 5 टक्क्यांपर्यंत उघडं असेल तर आतल्या दाबाचा गुणक ±0.2, पाच ते वीस टक्के असेल तर ±0.5. शटर बंद असतं की, असं ते म्हणाले. जूनमध्ये वारा सुटेल तेव्हा ट्रेलर अर्धा आत असेल, आणि जोराच्या वाऱ्यात सगळ्यात आधी बाक येतो तो शटरलाच. मी 0.5 च धरलं.

कोल्हापूरला मूळ वारा सेकंदाला 39 मीटर, डिझाइन दाब चौरस मीटरला 0.74 किलोन्यूटन. 10 अंशांच्या छपराला वाऱ्याकडच्या उतारावर बाहेरून 1.2 ची ओढ. आतून 0.5 ची ढकल. एकूण 1.7, म्हणजे चौरस मीटरला सव्वा किलोन्यूटन वर. पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे बार) मिळून त्याच्या एक अष्टमांशही वजन नाही.

छप्पर वर ओढलं गेलं की कैचीच्या खालच्या पट्टीत ताणाऐवजी दाब येतो. ती पट्टी म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन 65 बाय 65 बाय 6 चे अँगल. बाजूनं तिला धरणारा रनर फक्त मधोमध एक. म्हणजे 9 मीटर मोकळी लांबी, सडपातळपणा (लांबीचं छेदाच्या मापाशी प्रमाण) 303. वाऱ्यामुळेच दाब येणाऱ्या सदस्याला मर्यादा 250. एका ऐवजी दोन रनर एक-तृतीयांशावर टाकले की 6 मीटर, 202. बसतं. पत्र्याचे जुने जे-हूक काढून स्क्रू, कडेच्या पट्ट्यांत जवळ-जवळ.

शटरच्या कोटेशनमध्ये छपराच्या कैच्यांचे रनर का आले, हे मालकांना समजावायला अर्धा तास गेला. समजलं की नाही ठाऊक नाही, पण सही केली.

12 ऑक्टोबर

फॅब्रिकेटरबरोबर बैठक. वाद नेहमीचाच: साइटवर बोल्ट की वेल्ड? त्यांचं म्हणणं, वेल्डर आहेत, वेल्ड करून टाकू. माझं म्हणणं, साइटवर वेल्ड जिथे टाळता येत नाही तिथेच. वीस फुटांवर मचाणावर बसून मारलेला वेल्ड आणि शॉपमधल्या टेबलावर मारलेला वेल्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणूनच गुणक वेगळे.

ठरलं ते असं. जुन्या चिरलेल्या प्लेटा सगळ्या कापून ग्राइंड करायच्या. त्यांच्या जागी गर्डरच्या वरच्या फ्लँजच्या पातळीवर खांबाला आडवा टाय (जोडपट्टी), एम-20 चे बोल्ट, टायमधलं भोक रुळाच्या दिशेनं लांबट, 22 बाय 26. आडवा धक्का टाय घेईल आणि गर्डरचं टोक दीड मिलिमीटर पुढे-मागे मोकळं फिरेल. फिटर म्हणाला, "साहेब, लांबट भोक म्हणजे ढिलं राहील की." ढिलं नाही, एका दिशेला मोकळं. दोन नट लावायचे, करकचून आवळायचं नाही. हे ड्रॉइंगवर मराठीतच लिहून दिलं.

आयएसएमबीच्या खालच्या फ्लँजची आतली बाजू उतरती असते. ब्रॅकेटला बोल्ट मारताना तिरपी वॉशर हवीच, नाहीतर बोल्टचं डोकं एका कडेवर टेकतं आणि बोल्ट वाकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिरप्या वॉशर सहज मिळत नाहीत. दुकानदार साध्या जाड वॉशर पुढे करतो. म्हणून आधीच ऑर्डर.

चौकोनी बारच्या जागी क्लिपांवर बसवलेला खरा रूळ घ्यायचा का, यावर बराच काथ्याकूट झाला. घ्यायचा ठरला. रुळाचा सांधा गर्डरच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, आणि रुळाची मध्यरेषा वेबवरून वेबच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त सरकू द्यायची नाही. 8.9 मि.मी. च्या वेबला ही सूट साडेचारच मि.मी. ची आहे. ओळंबा घेऊन बसावं लागेल.

23 ऑक्टोबर

खंडेनवमी. मशीनं धुवून-पुसून झेंडूच्या माळा. जुन्या क्रेनच्या हुकालाही नारळ. काम नाही.

2 नोव्हेंबर

मालकांना दिवाळीच्या सुट्टीत काम उरकायचं होतं. फॅब्रिकेटरनं वास्तव सांगितलं: वेल्डर बहुतेक बिहार-झारखंडचे, दिवाळीला नाही तर छठला जातात, आणि छठ या वर्षी 20 नोव्हेंबरला संपतो. जे मागे राहतील ते अर्धशिकाऊ. मी सरळ डिसेंबर म्हणालो. उशीर झाला तर जूनपर्यंत जाऊ नये एवढीच माझी काळजी. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, तशा दिवसांत उघड्या छपराखाली क्रेन अडकलेली नको.

14 डिसेंबर

जुनी क्रेन उतरली. खालची प्लेट आधी गेटपाशीच्या गर्डरला लागली. दोन्ही टोकांपासून मधे येत, आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी, म्हणजे गर्डर एका अंगाला ओढला जाणार नाही. वेल्डर खाली उतरून म्हणाला, "चौड़ी प्लेट अच्छी है साहब, ऊपर से दिखता है." त्याला 200 रुंदीचं कारण कोणी सांगितलं नव्हतं.

डाय पेनिट्रंटमध्ये ब्रॅकेटच्या वेल्डांपैकी दोन ठिकाणी लाल रेघ उमटली. घासून नवा वेल्ड.

27 डिसेंबर

रूळ समपातळीला. सगळ्या खांबांवर टाय लागले. सातव्या खांबापाशी जाऊन गर्डरचं टोक पुन्हा बघितलं, ग्राइंड केलेली जागा गुळगुळीत, आत काही उरलेलं नाही. केमिकल अँकरच्या ओढ-चाचण्या पार पडल्या. एक भोक जुन्या सळीवर गेलं होतं, ते बुजवून शेजारी नवं पाडलं. बेस प्लेटचं भोकही त्यानुसार सरकवून वर वॉशर प्लेट वेल्ड केली.

18 जानेवारी 2024

भार-चाचणी, 125 टक्के, म्हणजे साडेबारा टन. कास्टिंग आणि बिलेट वजनकाट्यावर तोलून आणली, अंदाजानं नाही. हूक शक्य तितका एका बाजूला नेऊन गाळ्याच्या मध्ये उभा केला. डायल गेज खाली मचाणावर.

सहा मीटरचा गाळा: या भाराला हिशेबात 7.9, मोजला 7 च्या जवळ. सात मीटरचा: हिशेबात 10.0, मोजला 9 च्या थोडा वर. प्रत्यक्षातला गर्डर गणितातल्यापेक्षा जरा ताठ निघतो; रूळ आणि शेजारचे सांधे थोडी मदत करतातच, ती हिशेबात घेत नाहीत. भार उतरवल्यावर काटा शून्यावर परत आला. मला बघायचं होतं ते हेच.

खांबाचा झोल ओळंब्यानं बघितला, ट्रॉली जोरात चालवून एकदम थांबवली. 10 मि.मी. च्या आत.

तात्या टायच्या लांबट भोकाकडे टॉर्च मारून बघत होते. "हलतंय की ओ हे."

हलू द्या म्हणालो.

22 जानेवारी

राहिलेली कामं. टायच्या दुसऱ्या नटांवर रंगाची खूण करून घेणे, म्हणजे फिरले तर दिसतील. क्रेनच्या ब्रिजवर दोन्ही बाजूंना "10 टन" ठळक. सक्षम व्यक्तीकडून दर बारा महिन्यांनी होणारी तपासणी कारखाने कायद्यानुसार मालकांच्या डायरीत. गेटपाशीच्या गर्डरच्या प्लेटची टोकं आणि दुरुस्त केलेले दोन ब्रॅकेट जुलैमध्ये पुन्हा डाय पेनिट्रंट. कूलंटचं गटार खांबांपासून लांब वळवायचं काम अजून झालेलं नाही. मालक म्हणतात मार्चनंतर. स्टॅबिलिटी सर्टिफिकेट ते झाल्यावरच देणार, तसं पत्र आज पाठवलं.